विंचू, वेदना आणि एक गोळी

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी घरात बोलायची भाषा, लिहायची नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. पण हा विषय इंग्लिश सेक्शनमध्ये द्यावासा वाटला नाही, कारण तो मला हरसूलला मराठीतच कळला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आपल्या कॉलेजचं राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर हरसूलजवळच्या एका पाड्यावर होतं. काम होतं वनराई बंधारा बांधायचं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंड शिवायचं आणि ओढ्यात रचायच्या. तिसऱ्या दिवशी मेकॅनिकलच्या एका मुलाने (होस्टेलमध्ये सगळे त्याला पहिलवान म्हणतात) एक दगड उचलला आणि असा ओरडला की ओढ्यापलीकडे भात कापणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. विंचू! बोटाला डंख. पहिलवान अक्षरशः लोळत होता. आधी मुलं हसली, मग घाबरली. आमचा स्वयंपाक करणाऱ्या मावशी मात्र शांतपणे आल्या, त्याच्या कपाळावरून, मानेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "घाम नाही. रडतोय ना पोर, मग बरंय. गप पडलं की भ्यावं."

तरीही सरांनी त्याला जीपमध्ये घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. मी आणि अजून एक मैत्रीण बरोबर गेलो. तिथे शेजारच्या खाटेवर सात-आठ वर्षांची एक मुलगी होती. भाताच्या पेंढ्या उचलताना तिलाही विंचू चावला होता. ती अजिबात रडत नव्हती. पण तिचा फ्रॉक घामाने चिंब होता, दोनदा उलटी झाली होती आणि तिच्या आईने माझा हात धरून तिच्या पायावर ठेवला तेव्हा तो पाय माठासारखा गार लागला.

डॉक्टरांनी पहिलवानला विचारलं, "फार दुखतंय?"

"सर, मरतोय मी."

"नुसतं दुखतंय, घाम नाही, उलटी नाही, हातपाय गरम आहेत. मग बहुतेक काही होणार नाही. रात्रभर इथे ठेवतो, लक्ष ठेवू." आणि ते लगेच त्या न रडणाऱ्या मुलीकडे वळले. तिला एक गोळी दिली. सिस्टरनी आईला बजावलं, "गोळी दिलीय, आता हिला उठवायचं नाही, बसवायचं नाही, आडवीच ठेवायची." मग डॉक्टर दर थोड्या वेळाने येत, तिचा बीपी बघत, पाय चाचपत.

जो ओरडतोय तो सेफ आणि जी गप्प आहे ती धोक्यात! मी ई अँड टीसीची, सिग्नल हा माझा विषय. हे काही डोक्यात बसेना. रात्री डॉक्टरांना विचारलं. त्यांनी चहा पिता पिता एकच नाव सांगितलं: महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर. परत आल्यावर मी लायब्ररीत बसून बरंच वाचलं. त्यातलं जे मला समजलं, ते आपल्या भाषेत सांगते.

सिग्नल कसा जातो?

आपली नस म्हणजे वायरच आहे, फक्त तांब्याची नाही. पेशीच्या आत आणि बाहेर सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक असतो, आतली बाजू निगेटिव्ह. पेशीच्या भिंतीत सोडियमची बारीक दारं असतात, त्यांना सोडियम चॅनेल म्हणतात. काही टोचलं की दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, व्होल्टेज उलटं होतं आणि एक-दोन मिलिसेकंदांत दारं आपोआप बंद होऊन सगळं पूर्ववत होतं. हा झाला एक पल्स. हॉजकिन आणि हक्स्ली यांनी १९५२ मध्ये माकुळ नावाच्या समुद्री जीवाच्या जाड नसेवर प्रयोग करून याची समीकरणं मांडली. त्यांना १९६३ मध्ये नोबेल मिळालं.

वेदनेचे सिग्नल दोन प्रकारच्या तारांतून जातात. एक जलद, साधारण सेकंदाला ५ ते ३० मीटर. दुसरी मंद, सेकंदाला एक-दोन मीटर किंवा त्याहूनही कमी. म्हणून पायाला ठेच लागली की आधी चटकन कळ येते आणि सेकंदभराने ती सावकाश ठणकणारी दुसरी कळ येते. पायापासून पाठीच्या कण्यापर्यंतचं अंतर एक मीटर धरा आणि स्वतः भागाकार करून बघा, उत्तर जुळतं! त्यापुढे पाठीच्या कण्यात जणू एक फाटक असतं, जे काही सिग्नल मेंदूकडे सोडतं आणि काही अडवतं. हा विचार मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडला. लागलेल्या जागी आपण हात चोळतो आणि बरं वाटतं, ते याच फाटकामुळे.

आता विंचू. त्याच्या विषातले काही घटक सोडियमच्या दाराला बंदच होऊ देत नाहीत. रिलेचा कॉन्टॅक्ट चिकटला तर काय होतं? मोटार चालूच राहते. तसंच नस पल्सवर पल्स पाठवत राहते. डंखाच्या जागेवरच हे झालं तर भयानक दुखतं. आपला पहिलवान म्हणजे ही केस. पण विष रक्तातून पसरलं आणि आपल्या इच्छेविना काम करणाऱ्या, हृदय आणि रक्तवाहिन्या चालवणाऱ्या नसांपर्यंत पोचलं, तर खेळ वेगळा होतो. शरीरात ॲड्रेनालिन आणि नॉरॲड्रेनालिनचा पूर येतो. याला वैद्यकात वादळच म्हणतात. रक्तवाहिन्या आवळतात म्हणून हातपाय गार पडतात. घाम फुटतो, उलट्या होतात. बीपी चढतो.

मेकॅनिकलवाल्यांसाठी सांगते. पंप चालू आहे आणि कोणी डिलिव्हरी व्हॉल्व्ह आवळत नेला, तर पंपाचं काय होईल? हृदयाचं तेच होतं. पुढे रक्त ढकलता येत नाही, ते मागे फुफ्फुसात तुंबतं, फुफ्फुसात पाणी होतं आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडाल्यासारखा गुदमरतो. त्या मुलीचा गार पाय म्हणजे आवळत चाललेला व्हॉल्व्ह होता. मावशींना समीकरण माहीत नव्हतं, पण सिग्नल कुठला बघायचा ते बरोबर माहीत होतं.

महाडचा डॉक्टर

बावस्करांचा जन्म १९५१ चा, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावातला. घरची गरिबी. नागपूरला एमबीबीएस करून १९७६ मध्ये ते रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. कोकणात लाल विंचू भरपूर. काळी इंगळी आकाराने मोठी, दिसायला भयंकर, पण घातक आहे तो हा लहानसा लाल विंचू. धडधाकट माणसं आणि जास्त करून लहान मुलं संध्याकाळी चालत दवाखान्यात येत आणि पहाटेपर्यंत संपत. ठरलेला असा उपचारच नव्हता.

आता विचार करा. वय पंचविशीचं, खेड्यातलं केंद्र, मोठं यंत्र नाही, वर गाईड नाही. आपण काय केलं असतं? बदलीचा अर्ज! बावस्करांनी वही काढली. पेशंटच्या उशाशी बसून किती वाजता घाम आला, किती वाजता उलटी, नाडी किती, बीपी किती, पाय कधी गार पडले आणि कधी गरम झाले, हे तासातासाला लिहीत गेले. या नोंदींमधून त्यांना दिसलं की मरणाआधी एक ठराविक क्रम असतो. कुठल्या खुणा दिसल्या की हृदयावर संकट येणार, हे आधी ओळखता येतं. हा अभ्यास १९८२ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला. लॅन्सेट म्हणजे १८२३ पासून लंडनहून निघणारं, जगातल्या सगळ्यात मानाच्या वैद्यकीय नियतकालिकांपैकी एक.

मधल्या काळात पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून त्यांनी एमडी केलं. एमडी झालेला माणूस शहरात राहतो, हे परत कोकणात गेले. त्यांचं लॉजिक सोपं होतं. रक्तवाहिन्या आवळल्यामुळे हे होतंय ना, मग त्या सैल करणारं औषध द्या. आधी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे शिरेतून द्यायचं औषध वापरलं. पण ते थेंबाथेंबाने, सतत बीपी बघत द्यावं लागतं. खेड्यात ते कोण करणार? मग त्यांनी प्रॅझोसिन घेतलं. ही ब्लडप्रेशरची साधी गोळी. नॉरॲड्रेनालिन रक्तवाहिनीवरच्या ज्या कुलपात किल्लीसारखं बसतं, ते कुलूपच ही गोळी अडवते. किल्ल्या कितीही येऊ देत, व्हॉल्व्ह आवळला जात नाही. बीपी एकदम उतरून चक्कर येऊ शकते, म्हणून पेशंटला आडवं ठेवायचं. सिस्टर त्या आईला का बजावत होत्या, ते मला इथे कळलं.

प्रॅझोसिनवरचं त्यांचं लेखन १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं. पूर्वी गंभीर केसमध्ये शंभरातले तीस-चाळीस जण दगावत. या उपचारानंतर ते प्रमाण एक-दोनवर आल्याची नोंद आहे. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या बऱ्याच पेपरांत सहलेखिका आहेत. महाडला दोघांनी स्वतःचं हॉस्पिटल चालवलं आणि संशोधन तिथूनच चालू ठेवलं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढची आहे. मुंबईच्या हाफकिनमध्ये विंचवाच्या विषावरची लस तयार होऊ लागली. आता स्वतःच्या गोळीने नाव झालेला माणूस काय म्हणेल? "माझी गोळी पुरेशी आहे." यांनी उलट परीक्षा घेतली. ७० पेशंट, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत वाटलेले, ३५-३५. एका गटाला नुसतं प्रॅझोसिन, दुसऱ्याला प्रॅझोसिन आणि लस. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ८, दुसऱ्या गटात ३२! स्वतःच्या औषधापेक्षा जोडी चांगली, हे त्यांनी स्वतःच २०११ मध्ये 'बीएमजे'मध्ये छापलं. २०१४ मध्ये अमेरिकेच्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये विंचूदंशावरचा आढावा लेख आला. त्याचे लेखक दोन, ऑस्ट्रेलियाचे इस्बिस्टर आणि महाडचे बावस्कर. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 'बॅरिस्टरचं कार्टं' हे त्यांचं आत्मचरित्र मराठीत आहे.

साइटेशन म्हणजे काय रे भाऊ?

फायनल इयरच्या मंडळींना आणि स्टाफला हा शब्द रोज ऐकावा लागतो. आपल्या पेपरचा उल्लेख दुसऱ्याने त्याच्या पेपरमध्ये केला की ते एक साइटेशन. युजीन गारफिल्ड यांनी १९६४ पासून याची पद्धतशीर सूची काढायला सुरुवात केली. २००५ मध्ये हर्श नावाच्या फिजिक्सच्या प्राध्यापकांनी एच-इंडेक्स काढला. समजा तुमचे पाच पेपर आहेत आणि त्यांना ३०, १२, ६, ४ आणि १ अशी साइटेशन आहेत. तर निदान चार साइटेशन असलेले चार पेपर आहेत, म्हणून तुमचा एच-इंडेक्स ४. तीसचा पेपर तीनशेवर गेला तरी इंडेक्स चारच राहतो!

आता गंमत बघा. हाच लाल विंचू मेंदूच्या लॅबमध्येही प्रसिद्ध आहे. १९९० मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या विषातून आयबेरियोटॉक्सिन नावाचा ३७ अमिनो आम्लांचा एक रेणू वेगळा केला. तो पेशीतलं एका खास प्रकारचं पोटॅशियमचं दार नेमकं बंद करतो. न्यूरॉनने पल्स दिला की त्याला आवरायला हे दार ब्रेकसारखं काम करतं. ब्रेक काढून टाकला तर गाडी कशी चालते, हे बघायचं असेल तर आयबेरियोटॉक्सिन टाका! म्हणून जगभरच्या न्यूरोसायन्सच्या लॅबमध्ये हे एक हत्यार झालं. हे हत्यार वापरणारा जो तो पेपरमध्ये त्याचा उल्लेख करतो, म्हणजे साइटेशन वाढतं.

पण हरसूलच्या डॉक्टरांनी त्या रात्री प्रॅझोसिनची गोळी दिली, तेव्हा साइटेशन किती वाढलं? शून्य. कारण ते पेपर लिहिणार नाहीत. त्यांनी केस पेपरवर दोन ओळी लिहिल्या आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले. त्या मुलीच्या आईने तर लॅन्सेटचं नावही ऐकलेलं नाही. म्हणजे साइटेशन खोटं असं मी म्हणत नाही. लॅन्सेटमध्ये छापून आलं म्हणूनच महाडची गोष्ट पुस्तकांत गेली आणि पुस्तकांतून हरसूलपर्यंत पोचली. माझं म्हणणं एवढंच की साइटेशन हे मीटर आहे. मीटर फक्त त्याला जोडलेल्या तारांतलंच करंट दाखवतो. खेड्यातल्या दवाखान्यापर्यंत ती तार गेलेलीच नाही.

भगत आणि कंट्रोल ग्रुप

एक गोष्ट राहिली. त्या भागात विंचू उतरवणारे भगत आहेत आणि लोकांचा त्यांच्यावर विश्वास आहे. पाड्यावर एक आजोबा मला म्हणाले, "आमच्यात कितीतरी जणांचा उतरलाय." मी शहरातली, मला हसू येणार होतं. पण ते खोटं बोलत नव्हते. विंचवाच्या बहुतेक दंशांत नुसतं दुखतं आणि काही तासांत दुखणं आपोआप ओसरतं. मंत्र टाका, पाला लावा, काहीही करा, ओसरणारच. मग श्रेय ज्याने शेवटी हात लावला त्याला मिळतं. ज्यांना वादळ सुरू झालंय, त्यांचे मात्र त्या मंत्रात तास जातात.

आपण तरी वेगळं काय करतो? लॅबमध्ये सर्किट चालेना म्हणून तीन गोष्टी एकदम बदलतो, चाललं की चौथीचं नाव घेतो. म्हणूनच ते ३५ आणि ३५ चे दोन गट महत्त्वाचे. एकाच गोष्टीचा फरक ठेवायचा आणि मोजायचं. भगताला नावं ठेवण्याआधी आपला जर्नल उघडून बघा, त्यातली किती रीडिंग्ज आपली स्वतःची आहेत आणि किती सीनियरच्या फाइलमधली! (माझ्या सेकंड इयरच्या जर्नलबद्दल कृपया विचारू नये.) बावस्करांनी त्या रात्री दोन वाजताची नाडी अंदाजाने लिहिली असती, तर तो क्रम त्यांना कधीच दिसला नसता.

शिबिराला जाणाऱ्या ज्युनियर्ससाठी थोडक्यात: दगड उचलताना आधी पायाने किंवा काठीने हलवा, रात्री बूट झटकून घाला. विंचू चावलाच तर जागा कापू नका, आवळून बांधू नका, माणसाला शांत ठेवा आणि दवाखान्यात न्या. गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नका, ते डॉक्टरांचं काम. आणि वाटेत तो किती ओरडतोय यापेक्षा घाम, उलटी आणि हातपाय याकडे लक्ष ठेवा. लहान मूल असेल तर वाट बघूच नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पहिलवानला आणायला गेलो. तो बरा होता आणि आपण किती धीराने सहन केलं हे सिस्टरना सांगत होता. शेजारच्या खाटेवर ती मुलगी उशीला टेकून बसली होती, चहात बिस्कीट बुडवत. तिच्या आईने काही न बोलता परत माझा हात धरला आणि तिच्या पायावर ठेवला.

पाय गरम होता.

हे साइटेशन कुठल्या इंडेक्समध्ये मोजतात, हे मला अजून कोणत्याच सरांनी सांगितलेलं नाही. म्हणून म्हटलं, निदान आपल्या मॅगझिनमध्ये तरी नोंद व्हावी.